मालिश केली की दोन दिवस बरं, मग परत तेच: पाठ पुन्हा पुन्हा का धरते?

रोप लावणीचं काम आटपलं, उसाच्या मोळ्या ट्रॉलीत चढवून झाल्या, किंवा विशेष काहीच न करता सकाळी न्हाणीत बादली उचलली आणि कंबरेत उसण भरली. तालमीतल्या ओळखीच्या कुणाकडून पाठ रगडून घेतली. अंग हलकं झालं, रात्री झोप लागली. आठवडा सरायच्या आत पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा मालिश, पुन्हा दोन दिवस. असं करता करता वर्षं निघून जातात आणि माणूस म्हणायला लागतो, ‘आमची पाठच तसली हाय.’

मी बेळगावात खेळाडूंना स्पोर्ट्स मसाज देतो. कुस्ती, कबड्डी, टेनिस बॉल क्रिकेट, धावणं, सगळ्यातली पोरं येतात. त्यांच्यामागून त्यांचे वडील, काकी, शेजारचे मागवाले (विणकर) येतात. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून कुणी आलं तरी तक्रार हीच, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो. मालिशनं मिळणारा आराम खरा असतो, पण थोड्या वेळाचा असतो. त्या थोड्या वेळात पाठीकडून जी हालचाल करून घ्यायला हवी ती आपण करून घेत नाही. उलट बरं वाटतंय म्हणून एक तर आडवे होतो, नाही तर राहिलेलं सगळं काम त्याच दिवशी उरकायला जातो.

आधी एवढं बघा, तेल नंतर

काही पाठींना हात लावण्याआधी डॉक्टर लागतो. लघवी अडकली किंवा झालेली कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागेवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाऊल उचलेना, चालताना चप्पल पायातून निसटायला लागली, यातलं काहीही नव्यानं सुरू झालं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. कंबरेच्या मणक्यांत पाठीच्या कण्यातून खाली उतरणाऱ्या नसांचा जुडगा असतो. तो दाबला गेल्याची ही लक्षणं आहेत आणि इथं तासांना किंमत असते. जांबोटीच्या पलीकडच्या एखाद्या वाडीत असाल तरी सकाळच्या पहिल्या बसची वाट बघू नका, गाडी करा.

पाठीबरोबर ताप आहे, विनाकारण वजन उतरतंय, रात्री पडल्या पडल्या दुखणं वाढतंय, तर तपासणी आधी. मणक्याचा टीबी आपल्या देशात अजून होतो, आणि तो महिनोन्‌महिने ‘वात’ म्हणून चोळला जातो. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला माणूस, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेला माणूस, पडल्यानंतर अचानक पाठ धरलेली साठीपुढची बाई, यांच्या पाठीवर हाड तपासल्याशिवाय दाब द्यायचा नाही. कुशीतून जांघेकडे उतरणारी, थांबून थांबून येणारी, एका जागी बसू न देणारी कळ बहुधा मुतखड्याची असते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर खोल मालिश नको. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिला अजिबात हात लावायचा नाही. शिरेत गुठळी असू शकते.

दुखण्याची एक जात अशी आहे की तिच्यात मालिशच निदान लांबवते. वय चाळीसच्या आत, दुखणं तीन महिन्यांहून जुनं, पहाटे जाग आणणारं, उठल्यावर अर्धा तास तरी पाठ आखडलेली, आणि विश्रांतीनं न सुटता हालचाल केल्यावर सुटणारी. हे दुखणं स्नायूचं नसून सांध्यांच्या सुजेचं असू शकतं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे त्यातलं प्रमुख नाव. अशा माणसालाही चोळल्यावर बरं वाटतं, म्हणून तो चोळून घेत राहतो. त्यानं रूमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या सुजेच्या डॉक्टरकडे, जायला हवं.

क्रिकेटवाल्या घरांनी पुढचं नीट वाचा. पोरगा वेगवान बोलर आहे, वय पंधरा ते पंचवीसच्या मधलं, ज्या हातानं बॉल टाकतो त्याच्या विरुद्ध बाजूला कंबरेत दुखतं, मागं वाकलं की चमकतं, चार दिवस खेळणं थांबवलं की कमी होतं आणि पुढच्या मॅचला परत. मणक्याच्या मागच्या कमानीत बारीक चीर पडायला लागल्याचं हे ठराविक लक्षण आहे. साध्या एक्स-रेत ती सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. वेळेत ओळखून काही महिने बोलिंग थांबवली तर बहुतेकांचं हाड भरून येतं. टूर्नामेंट आहे म्हणून अशा पोराची पाठ रगडून त्याला मैदानात उतरवलेलं मी बघितलंय आणि जीव तुटतो. त्याच्या पाठीला मालिश नको, विश्रांती हवी.

एमआरआयच्या कागदाला किती भ्यायचं?

वरचं सगळं वगळलं की उरतात त्या दहातल्या जवळपास नऊ पाठी. त्यांच्यात ‘हे बघा, इथं मोडलंय’ असं बोट ठेवून दाखवता येईल असं काही सापडत नाही. दुखणं खरं असतं. फक्त त्याचं खापर एका मणक्यावर फोडता येत नाही.

पण हातात रिपोर्ट असतो आणि त्यात ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली चकती फुगलीय) असं लिहिलेलं असतं. मग माणूस वाकायचं सोडतो, उचलायचं सोडतो, नातवंडाला कडेवर घ्यायचं सोडतो. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांचे रिपोर्ट पाहिले गेले. विशीतल्या ३० टक्के लोकांत डिस्क बल्ज होता, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत. डिस्कची झीज विशीतच ३७ टक्क्यांत आणि ऐंशीत ९६ टक्क्यांत. केस पिकतात तशीच ही झीज. कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल आणि रिपोर्टमधली नस त्याच जागेशी जुळत असेल, तर त्या कागदाला अर्थ आहे. नुसत्या कागदाला नाही.

दुखतं एकीकडं, आखडलेलं दुसरीकडं

‘आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला’ हे पाठीच्या बाबतीत रोज घडतं. माणूस मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर बोट ठेवतो, आपण तेच रगडतो. ते स्नायू मात्र पुष्कळदा राखणीला उभे असतात. कुठं तरी ताण आहे, हालचाल अडलीय, म्हणून ते स्वतःला आवळून धरतात. त्यांनाच बडवलं तर दोन दिवस सैल पडतात आणि परत पहाऱ्यावर येतात.

म्हणून हात आधी तीन ठिकाणी जायला हवा: पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) बाहेरच्या बाजूचे स्नायू, मांडीची मागची बाजू, आणि बरगडी व कमरेचं हाड यांच्यामधली कूस. या शेवटच्या जागेबद्दल जरा सांगतो, कारण तालमीतल्या मालिशमध्ये ती नेहमी सुटते. माणसाला कुशीवर झोपवायचं, वरचा पाय पुढं उशीवर. शेवटच्या बरगडीखाली आणि कमरेच्या हाडावर जी चार बोटांची जागा उरते, तिथं लांब स्नायूच्या बाहेरच्या कडेला अंगठा सपाट टेकवायचा आणि मणक्याच्या दिशेनं हळूहळू भार द्यायचा. घुसवायचा नाही. पहिल्यांदा माणूस श्वास धरतो, पायाची बोटं आवळतो. तिथंच थांबायचं, पुढं जायचं नाही. तीन-चार श्वास गेले की पायाची बोटं सुटतात आणि अंगठ्याखालचा ताठपणा आपण होऊन वाट देतो. हा क्वाड्रेटस लम्बोरम नावाचा स्नायू. बाराव्या बरगडीला आणि कंबरेच्या मणक्यांना धरून तो कमरेच्या हाडावर उतरतो. त्याची कळ पुठ्ठ्यात उमटते, म्हणून लोक पुठ्ठा चोळत बसतात. वर बरगडीच्या आत मूत्रपिंड असतं, त्यामुळे इथं कोपर किंवा गुडघा लावायचा नाही.

स्नायूत एका जागी दाबलं की कळ दुसऱ्याच जागी उमटते, याचे तपशीलवार नकाशे जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर १९८३ साली प्रसिद्ध केले. या ट्रॅव्हेलबाई अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर. केनेडींची पाठ कायम दुखायची. बोटाला लागणारी ती ‘गाठ’ म्हणजे स्नायूत नेमकं काय घडलेलं असतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. कळ दूर उमटते हे मात्र हातानं रोज दिसतं.

मालिश नेमकं काय करते

तेल हाडापर्यंत जात नाही. तिळाचं असो, खोबरेल असो, महागडी बाटली असो, हात घसरावा आणि कातडी ओढली जाऊ नये एवढंच त्याचं काम. मालिशनं लॅक्टिक ॲसिड बाहेर पडतं हेही खरं नाही. मेहनत थांबल्यावर तासाभरात ते आपोआप पूर्वपदावर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं ते स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे. ते दुखणं मालिशनं थोडं कमी वाटतं, आणि तेवढंही खेळाडूला पुरेसं असतं.

खरा परिणाम मज्जासंस्थेवर होतो. सावकाश, विश्वासानं दिलेल्या दाबामुळे आवळून धरलेला स्नायू सैल सोडायला शरीर तयार होतं, दुखण्याची धार बोथट होते, जी हालचाल करायची भीती बसली होती ती करून बघावीशी वाटते. अभ्यासही साधारण हेच सांगतात. मालिशवरच्या चाचण्यांचा २०१५ मधला कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा म्हणतो की दुखणं कमी होतं ते अल्पकाळ, आणि त्या पुराव्यावरही फार भिस्त ठेवू नये. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस संस्थेची २०१६ ची शिफारस अशी की मालिश द्यायची तर व्यायामाच्या जोडीनंच. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, समजूत आणि मालिश यांना जागा आहे. कंबरपट्टा आणि वजन लावून ओढणं यांना नाही. आपल्याकडे पट्टा वर्षानुवर्षं शर्टाखाली बांधलेला असतो. पट्टा बांधून काम जमतंय, सोडला की भीती वाटते, अशी अवस्था असेल तर रोज थोडा थोडा वेळ सोडत जा.

उसण भरली, आता पहिले तीन दिवस

पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणं, पोराला पाठीवर चालायला सांगून पाठ तुडवून घेणं, हे गावोगाव चालतं. त्यामागची माया मला कळते. पण ताज्या उसणीत दोन-तीन दिवस कसलाच खोल दाब नको, आणि म्हातारीच्या पाठीवर नातवाला उभं करणं तर कधीच नको; ठिसूळ मणका तेवढ्यानंही दबू शकतो. या दिवसांत गरम पाण्याची पिशवी, पाठीवर तळहाताचा हलका हात, गुडघ्याखाली उशी घेऊन थोडं पडणं, आणि दर तासाला उठून घरातल्या घरात चार फेऱ्या.

अंथरूण धरू नका. हेलसिंकीत महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर १९९५ साली झालेल्या चाचणीत काही जणांना दोन दिवस झोपवून ठेवलं, काहींना व्यायाम दिले, आणि उरलेल्यांना सांगितलं की झेपेल तसं रोजचं चालू ठेवा. सगळ्यात लवकर सावरले ते तिसरे. ‘फळीवर झोप’ हा सल्लाही सोडून द्या. स्पेनमधल्या ३१३ जणांच्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम गादीवाल्यांची पाठ कमी दुखली.

तुमची अडचण यातली कोणती?

*मालिश झाली की बरं, दोन-तीन दिवसांत परत.* मालिशआधी उभं राहून पुढं वाका आणि बोटं कुठवर पोचतात ते बघा: गुडघा, नडगी, घोटा. मालिश झाल्याबरोबर परत वाका. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मालिशनंतर बोटं खाली गेली आणि सकाळी परत वर आली, तर जागा बरोबर सापडलीय, पण नंतरचं काम झालेलं नाही. पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे. मालिशनंतरही काहीच फरक नसेल तर चुकीच्या जागी रगडणं चाललंय. पुठ्ठा आणि कूस बघायला सांगा. तिसऱ्या खेपेलाही तसंच राहिलं तर मालिश हा तुमचा इलाज नाही, फिजिओथेरपिस्टकडे जा.

*मालिशनंतर जास्त दुखतं.* दाबल्या जागी दिवसभर, फार तर दोन दिवस, अंग आंबल्यासारखं वाटणं चालतं. निळे-काळे डाग पडणं चालत नाही. ‘ओरडल्याशिवाय फायदा न्हाई’ हा समज आपल्याकडे मुरलाय. दहात सहापेक्षा जास्त दुखलं की शरीर स्वतःला आवळायला लागतं आणि ज्यासाठी आलो तेच फसतं. श्वास सहज चालू राहतोय तोवरचा दाब बरोबर. एका जागी अर्धा ते दीड मिनिट पुरे. मालिशनंतर पायात मुंग्या आल्या किंवा कळ आणखी खाली उतरली तर नस डिवचली गेलीय, पुन्हा तिथं दाबू नका.

*बसलं की दुखतं, चाललं की बरं.* चालक, शिलाईवाले, कॉम्प्युटरवाले, आणि चोर्ला घाटातून गोव्याला सारखी ये-जा करणारे. इथं मालिशपेक्षा अर्ध्या तासानं उठणं जास्त उपयोगी. गाडी थांबवून पाच मिनिटं उतरा, कंबरेवर हात ठेवून मागं वाका.

*चाललं की पाय जड पडतात, बसलं किंवा पुढं वाकलं की बरं.* साठीपुढच्या माणसाचं हे दुखणं. सायकल चालवता येते, पण बाजारात दहा मिनिटं उभं राहवत नाही. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याचं हे लक्षण असतं. मालिशनं पुठ्ठे सैल होतील, वाट रुंद होणार नाही. डॉक्टरांना दाखवा.

*कळ गुडघ्याखाली उतरते.* ही सायाटिका, म्हणजे कंबरेतून पायात जाणाऱ्या नसेची कळ. पुठ्ठ्यात खोल कोपर घालून ‘नस मोकळी’ करणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. बहुतेक सायाटिका काही आठवड्यांत उतरणीला लागते. पायातला जोर कमी होतोय का, एवढ्यावर मात्र रोज लक्ष ठेवा. उताणं झोपून पावलं आपल्याकडं ओढा, मग पुढं ढकला, दोन्ही बाजू सारख्या लागतात का ते बघा.

सुटलेल्या दोन दिवसांत काय करायचं

मालिश झाली, पाठ सैल आहे. सगळं बिघडतं किंवा सुधारतं ते इथं.

पहिली गोष्ट, चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ माणसं घेतली होती, नुकतीच कंबरदुखीतून बरी झालेली. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला तीस मिनिटं चालण्यापर्यंत नेलं. त्यांच्यातल्या निम्म्यांची पाठ पुन्हा धरायला २०८ दिवस लागले, ज्यांना हा कार्यक्रम दिला नव्हता त्यांच्यात ११२. हा अभ्यास २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुन्हा पुन्हा धरणाऱ्या पाठीसाठी इतका स्वस्त इलाज मला दुसरा माहीत नाही. बेळगावकरांना व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, गावात बांध आहेत, रस्ते आहेत. मालिशच्या दिवशी संध्याकाळीच दहा मिनिटांनी सुरुवात करा, उद्यावर टाकू नका.

दुसरी गोष्ट, कमरेतून वाकण्याऐवजी जांघेतून वाकायला शिकणं. एक काठी घ्या, घरातला केरसुणीचा दांडाही चालेल. पाठीमागं उभी धरा: एक हात मानेमागं, एक कंबरेमागं. काठी तीन जागी टेकली पाहिजे, डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड. आता गुडघे किंचित सोडून पुठ्ठा मागं न्या, जणू मागच्या भिंतीला तो लावायचाय, आणि छाती पुढं झुकू द्या. काठीची एक जागा सुटली की थांबा, परत या. पहिल्या दिवशी बहुतेकांची काठी माकडहाडावरून लगेच सुटते, आणि मांडीच्या मागं जी ओढ लागते ती त्यांनी कधी अनुभवलेलीच नसते. दहा वेळा, दिवसातून दोनदा. पैलवानाला हे पटकन येतं, कारण धोबीपछाड मारताना ताकद कंबरेतून काढली तर पाठ जाते हे त्याला वस्तादानं शिकवलेलं असतं. पाठ कधीच गोल होऊ द्यायची नाही असा याचा अर्थ नाही. गोल पाठीनं वाकायलाही शरीर तयार केलेलं असतं. जड उचलताना आणि शेकडो वेळा वाकताना जांघेचा वाटा मिळाला की कंबरेवरचा भार विभागतो.

तिसरी, कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम: एक गुडघा दुमडून डोकं-खांदे जमिनीपासून जरासेच उचलणं, कुशीवर कोपराच्या आधारानं कंबर उचलून धरणं, आणि रांगत्या अवस्थेत उजवा हात व डावा पाय लांब करणं, मग उलट. प्रत्येक वेळी फार तर दहा सेकंद धरा, सोडा, परत धरा. जोर-बैठकांची सवय असलेल्यांना हे किरकोळ वाटतं. दहाव्या सेकंदाला हात थरथरायला लागला की कळतं.

काम बदलत नाही, त्याचं काय?

लोक मला हेच विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. खानापूरच्या पश्चिमेकडची बाई लावणीच्या दिवसांत चिखलात वाकणारच. पण तिची पाठ लावणीत धरते, त्यामागं उन्हाळ्यातल्या सवयीचाही हात असतो. महिना-दीड महिना वाकायचं काम कमी, आणि मिरग बरसला की अचानक दिवसाचे आठ तास. शरीराला हा उडी मारलेला भार सोसत नाही. मेच्या मध्यापासून काठीचा व्यायाम आणि चालणं सुरू केलं, रोज थोडं थोडं वाकायचं काम वाढवत नेलं, तर जूनअखेर पाठ तयार असते. शेतात एक ओळ झाली की उभं राहून दोनदा मागं वाकायचं, एवढं तरी मुकादमानं करू द्यावं.

निपाणीला विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसतात, मान खाली, पाठ गोल. त्यांची तक्रार कंबरेपेक्षा खांद्याच्या पात्यांमध्ये जास्त. पाठ भिंतीला टेकवून बसणं, ढुंगणाखाली दुमडलेलं पोतं घेऊन बैठक चार बोटं उंच करणं, आणि विड्यांचा कट्टा (जुडी) बांधून झाला की उठून हात वर ताणणं. मालिश करायची तर छातीच्या पुढच्या स्नायूंवरही हवी. नुसतं पात्यांमध्ये दाबून भागत नाही. घरच्या घरी स्वतःच करायची असेल तर भिंत आणि जुना टेनिस बॉल यांवर काम चालतं: बॉल पाठ आणि भिंतीमध्ये धरायचा, मणक्यावर नाही, त्याच्या बाजूला, आणि गुडघे हलकेच वाकवत बॉल वरखाली फिरवायचा.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना एकाच पायावर भार देऊन उभं राहायची सवय असते. विटेएवढा ठोकळा ठेवून पाय आलटून-पालटून त्यावर ठेवा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत जड कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) उचलणाऱ्यांनी वजन पोटाजवळ धरावं आणि वळताना कंबर न पिळता पाय टाकून वळावं.

पैलवानांना एकच सांगतो. जत्रेच्या मैदानाआधी दोन दिवसांत खोल मालिश नको. कुस्तीच्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांचा चपळ, हलका हात पुरे. स्नायू जागा करायचा आहे, झोपवायचा नाही. हौद्यातून बाहेर आल्यावर त्याच संध्याकाळी हलक्या हाताची मालिश, आणि खोल काम करायचंच तर एक दिवस सोडून.

कधीपर्यंत वाट बघायची

नवीन उसण बहुतेकांची सहा आठवड्यांत बरीचशी उतरते. तोवर आठवड्यातून एकदा मालिश ठीक आहे, जोडीला चालणं आणि काठी. दुखणं दहापैकी किती, त्या दिवशी काम कोणतं, चालणं किती झालं, एवढं कॅलेंडरच्या चौकोनात लिहीत जा. सहा आठवड्यांनी आकडा हलला नसेल किंवा दुखण्यामुळे कामाचे दिवस बुडत असतील, तर ते कॅलेंडर घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. हलला असेल तर मालिश पंधरा दिवसांवर न्या, मग महिन्यावर, आणि चालणं तसंच ठेवा.